तुझ्या आईला विमानाची भीती वाटते

विजयनगर, म्हैसूर
८ नोव्हेंबर १९९८

वादिराज,

वर आशीर्वाद लिहायचे की नाही ते ठरेना, म्हणून तेवढी जागा कोरी सोडली आहे.

सहा वर्षांत हे माझं तुला पहिलं पत्र. बाप नमला असं समजून खूश होऊ नकोस. तुझ्या लग्नाच्या वेळी जे लिहिलं होतं त्यातला एकही शब्द मी मागे घेतलेला नाही. पण तुझ्या बायकोचे दिवस जानेवारीअखेर भरतात, तू बारा जानेवारीची दोन तिकिटं पाठवली आहेस, बेंगळूरहून मुंबई, मुंबईहून फ्रँकफुर्ट, तिथून शिकागो, आणि तुझी आई डिंकाचे लाडू आत्ताच करावेत की निघायच्या आठवड्यात या चिंतेत आहे. म्हणजे ही व्यवहाराची बाब झाली. व्यवहारासाठी मी कुणालाही पत्र लिहितो.

अडचण एकच आहे. तुझ्या आईला विमानाची भीती वाटते.

फोनवर ती तुला हे सांगणार नाही. रविवारी तुझा फोन आला की मी अंगणात जातो, तरी तिचा आवाज ऐकू येतो, आणि त्या आवाजात भीतीबिती काही नसते. पण हुणसूरच्या तंबाखूच्या लिलावात मी तीस वर्षं पानांची प्रत ठरवली आहे. पान बोटांत धरलं की भट्टीत किती तापलं ते मला कळतं, मग अडतीस वर्षं घरात असलेली बायको कळणार नाही का? तिकिटं आली त्या दिवशी तिने ती देवापुढे ठेवली आणि म्हणाली, "अहो, एवढं मोठं विमान वर राहतं तरी कसं की?" माझ्या हातात कॉफीचा लोटा होता, थोडी कॉफी सांडली. "तुला भीती वाटते आहे," मी म्हटलं. ती सांडलेल्या कॉफीकडे बघत राहिली, मग फडकं घेऊन आली. पुसता पुसता म्हणाली, "हं, वाटते की. आता तुम्हीच काहीतरी करा बघा."

तेव्हा करतो आहे. ती कानडी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, तिला शास्त्र समजावणं म्हणजे भिंतीशी बोलणं. तरी मी तिकिटांच्या एजंटाकडे चार वेळा जाऊन सगळी माहिती काढली. पंखांजवळच्या जागा कमी हलतात, म्हणून त्याच मागितल्या. उडाल्याबरोबर खालून धाडकन आवाज येतो तो चाकं आत घेतल्याचा असतो, काही तुटल्याचा नव्हे. थोड्या वेळाने आवाज एकदम उतरतो, तेव्हा इंजिन बंद पडलेलं नसतं, नुसता जोर कमी केलेला असतो. हादरे बसले की पंख वाकतात, मोडत नाहीत. पाचव्यांदा गेलो तेव्हा एजंट मला बघून उठून आत गेला.

विमानांच्या अपघातांची कात्रणं माझ्याकडे एका फाइलीत आहेत, तू जन्मायच्या आधीपासूनची. ती मी तिला दाखवलेली नाहीत. तेवढी दया माझ्यात आहे.

भित्र्या माणसाचं मला मुळातच हसू येतं, आणि आता तसल्या माणसाला घेऊन अर्धी पृथ्वी ओलांडायची आहे. पण ती एकटी जाऊ शकत नाही, म्हणून मी येतो आहे. तुझ्यासाठी नाही, आणि तुझ्या त्या बाईसाठी तर नाहीच.

शेषगिरी


२२ नोव्हेंबर १९९८

वादिराज,

"अण्णांचं पत्र मिळालं," एवढंच तू फोनवर आईला म्हणालास असं कळलं. उत्तराची मी अपेक्षा केली नव्हती.

गेल्या शनिवारी संध्याकाळी तुझ्या आईला दसऱ्याच्या प्रदर्शनात नेलं होतं. प्रदर्शन अजून चालू आहे, गर्दी ओसरली आहे. तिथला मोठा पाळणा तुला आठवत असेल. उंचीची सवय व्हावी म्हणून तिला त्यात बसवायचं मी ठरवलं होतं. कल्पना तिचीच होती, पण ठरवलं मी. बरोबर अंबुबाई होती, आमच्यापासून तिसरं घर. तू गेल्यानंतर ते लोक इथे राहायला आले, म्हणून तुला ठाऊक नाही. बाई बोलायला तिखट आहे, पण तुझ्या आईचं तिच्यावाचून पान हलत नाही.

आम्ही तिघं एका पाळण्यात बसलो. दोन फेरे बरे गेले. तिसऱ्याला खाली माणसं बसवण्यासाठी चाक थांबलं आणि आमचा पाळणा नेमका वर राहिला, वाऱ्याने डुलत. तिथे तुझ्या आईने हाय खाल्ली. एवढा गोंधळ झाला की चाकवाल्याला आधी आम्हाला खाली घ्यावं लागलं. खाली लोक जमून बघत होते. मी चारचौघांत तिला म्हटलं, "अडतीस वर्षांत एकदा तरी मला कुठे मान वर करून चालू दिलंस का?" लोकांनी ऐकलं असेल, ऐकू दे. ती म्हणाली, "चुकलंच माझं."

अंबुबाईला मात्र मध्ये बोलल्याशिवाय राहवत नाही. "अय्यो, वेदाक्का कुठं भ्याली? ती तर वर बसून मला चामुंडी बेट्टावरचे, त्या डोंगरावरचे दिवे दाखवत होती." तुझ्या आईने तिचा हात दाबला आणि म्हणाली, "साकु, पुरे आता, अंबु. मी भ्याले म्हणजे भ्याले. चला, चुरुमुरी खाऊया."

भीती उतरली की माणसाला भूक लागते. मला काही खाववलं नाही, कारण तिच्यामुळे झालेली शोभा मी विसरू शकत नव्हतो.

शेषगिरी


१३ डिसेंबर १९९८

वादिराज,

गेल्या रविवारी तुझा फोन लागला नसेल. वायर मी काढून ठेवली होती. तुझ्याशी बोलली की तिचं मन तिकडे धावतं आणि इकडच्या सरावात लक्ष राहत नाही. ती दिवसभर फोनजवळ बसून होती, तीन वेळा उचलून कानाला लावला. वायर निघाली आहे हे तिला दिसलं नसेल असं नाही.

सराव असा चालतो. हॉलमध्ये दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडतो, पुढे तिसरी उलटी ठेवतो, म्हणजे गुडघे अडकतात. पोटाला तिच्या जुन्या साडीचा पट्टा बांधतो. मुंबई ते फ्रँकफुर्ट नऊ तास, तेव्हा नऊ तास उठायचं नाही. मी शेजारी बसतो, नाहीतर ती एकटी बसणार नाही. ती म्हणते, "निघालं हं. आता चाकं आत गेली. आता आवाज उतरला, काही नाही, जोर कमी केला." हे सगळं मीच तिला शिकवलेलं, आता मलाच ऐकवते. मग ती चार अंक मोजते आणि मी श्वास घेतो, सहा मोजते आणि मी सोडतो. म्हणजे तिला समोर उदाहरण राहतं. परवा वाऱ्याने खिडकीचं दार आपटलं तेव्हा सराव मोडला, कारण मी उठलो. मला पाणी हवं होतं. "परवागिल्ला, असू दे," ती म्हणाली, "आज मुंबईच्या पुढे गेलो की. उद्या आणखी."

काल मठातले दोघे भेटायला आले होते. त्यांच्यासमोर मी तिला सांगितलं, की विमानात तू जर आरडाओरडा केलास तर ते वाटेत कुठल्यातरी वाळवंटात उतरवून तुला सोडून देतील आणि मी तुझ्यासाठी उतरणार नाही. ते हसले. तीही हसली. भित्र्या माणसाला अशी थोडी डागणी द्यावी लागते.

एक गोष्ट मात्र सोयीची झाली. बाराला संध्याकाळी निघायचं आणि तेराला एकादशी आहे. विमानातल्या जेवणाचा, कांद्या-लसणाचा, कुणाच्या हातचं याचा प्रश्नच मिटला. पाणीसुद्धा नको. तिने डोळे मिटून म्हटलं, "देवाने सोय केली."

शेषगिरी


८ जानेवारी १९९९

वादिराज,

हे पत्र तुझ्या हाती पडेल तोवर जे व्हायचं ते झालेलं असेल. तरी लिहितो. तोंडाने तुला सांगणं मला जमणार नाही.

बारा तारीख मंगळवार, त्यात धनुर्मास. असल्या दिवशी आपल्यात कुणी घराबाहेर पाऊल टाकत नाही. पण विमान काही पंचांग बघून उडत नाही, म्हणून काल गुरुवारी चांगल्या वेळेवर आम्ही प्रस्थान ठेवलं. तुला हे आठवत नसेल. मुहूर्ताला माणूस निघू शकत नसेल तर त्याची एखादी वस्तू निघते आणि दुसऱ्याच्या घरी जाऊन बसते, म्हणजे प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. मग माणूस त्याच घरावरून पुढे जातो. वस्तू परत घरी आणायची नसते. तुझ्या आईने आपला खण, हळद, मूठभर तांदूळ असं गाठोडं बांधलं, माझं उपरणं आणि सुपारी वेगळ्या गाठोड्यात, आणि दोन्ही अंबुबाईच्या देवघरात ठेवून आली. येताना तिचा चेहरा मी बघितला. लग्नाआधी तिला बघायला गेलो होतो तेव्हा असा होता.

आज दुपारी ते सगळं फुकट गेलं. अंबुबाईचे चुलत दीर वेंकोबा एच. डी. कोट्याला असतात, ते वारले. त्या घराला दहा दिवसांचं सूतक आलं. सुतकाच्या घरात ठेवलेलं प्रस्थान विटाळलं, म्हणजे प्रवास मोडला. मी जाऊन दोन्ही गाठोडी उचलून आणली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवली. तुझी आई तांदूळ निवडत होती. मी सांगितलं, तिने ऐकलं. अंबुबाईला भेटायला जाते म्हणाली, तर मी म्हटलं, दहावा होईपर्यंत तिकडे फिरकायचं नाही. ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. निवडलेलेच तांदूळ निवडत होती.

आता रविवारी फोन आला की तीच तुला सांगेल. दैवापुढे इलाज नाही, आणि खरं सांगायचं तर एका परीने बरंच झालं. तिला ते झेपलं नसतं.

शेषगिरी


११ जानेवारी १९९९

वादिराज,

काल तुझा फोन आला तेव्हा तिने तुला काहीच सांगितलं नाही. "परवा निघतो," एवढं म्हणाली. मी अंगणात नव्हतो, दाराआड होतो.

आज सकाळी दहाच्या सुमारास फाटक वाजलं. ती दार उघडायला गेली. बाहेर वेंकोबा उभे होते, हातात अवरेकाईच्या शेंगांची पिशवी. "वहिनी म्हणाल्या, वेदाक्का उद्या जाणार, ताज्या आहेत तोवर थोड्या देऊन ये." पहाटेच्या बसने कोट्याहून आले होते. धोतरावर बसमधली धूळ होती.

तुझ्या आईने त्यांना आत बोलावलं, बसवलं, कॉफी दिली. तब्येत कशी आहे विचारलं. "देवाच्या कृपेने दणदणीत," ते म्हणाले. मी समोर बसून होतो. ती त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेली, परत आली, शेंगा सोलून ठेवल्या, माझ्यासाठी दोन वेळचं जेवण करून झाकलं. मग आपली बॅग घेतली, दोन्ही गाठोडी घेतली आणि दारात उभी राहिली.

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज नेहमीचाच होता. "वस्तू तुम्हाला परत आणता येते," ती म्हणाली. "आता मीच जाऊन बसते. मला आणायला येऊ नका. उद्या दुपारी टॅक्सी अंबूच्या दारातून निघेल. तुमचं गाठोडं मी बरोबर नेते आहे. तुम्ही तयार राहा, वाटेत घेऊ."

एका जिवंत माणसाला मी मारलं, हे कबूल करतो. अंबुबाईला मुहूर्त बदलला म्हणून गाठोडी नेतो असं सांगितलं होतं. हुणसूरला हलक्या पानाला वरची प्रत कधी दिली नाही, आणि शेजाऱ्याच्या भावाचं सूतक मात्र दिलं. पण ते तिच्या भल्यासाठीच होतं. माझी बॅग मी भरली आहे. उद्या जाईन.

शेषगिरी


१४ जानेवारी १९९९

वादिराज,

तू तिला विमानतळावर घेतलंस आणि मी नव्हतो. तिने काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. मला चक्कर आली होती असं समज. रक्तदाब वाढला होता.

टॅक्सीत ती माझ्या शेजारी बसली होती. वेंकोबांचं नाव तिने काढलं नाही. मंड्या गेल्यावर म्हणाली, "अहो, मला भीती वाटली तर तुम्ही माझा हात धरा हं." मी हो म्हटलं. बेंगळूरला पोचेपर्यंत ती मधूनमधून अंक मोजत होती, हळू, मला ऐकू येईल इतपत.

आत रांगेत उभे राहिलो. बॅगा अजून वजनाला लागल्या नव्हत्या. काचेपलीकडे एक विमान धावत गेलं आणि त्याचा आवाज माझ्या दातांत आला. मी म्हटलं, "गोळ्या टॅक्सीत राहिल्या, आणतो." ती म्हणाली, "गोळ्या माझ्या पिशवीत आहेत की." मी म्हटलं, "दुसऱ्या," आणि बाहेर आलो.

टॅक्सी केव्हाच गेली होती. दरवाज्याच्या बाजूला एक खांब आहे, तिथून काचेतून आतलं दिसतं. मी तिथे उभा राहिलो. पुढची माणसं सरकली की ती सामानाची गाडी थोडी बाजूला घ्यायची आणि मागच्यांना पुढे जाऊ द्यायची. दाराकडे बघायची. असं चाळीस मिनिटं चाललं. दोन्ही पासपोर्ट तिच्या पिशवीत, इंग्रजीचा एक शब्द येत नाही, बेंगळूरच्या पुढे कधी गेली नव्हती. मी तिला हाक मारू शकलो असतो. शेवटी कंपनीची एक बाई आली आणि तिच्या दंडाला धरून काहीतरी सांगू लागली. तुझ्या आईने मान हलवली. मग माझी बॅग गाडीवरून उतरवली, भिंतीपाशी नीट उभी केली, आणि आपली बॅग ढकलत त्या बाईबरोबर आत गेली. पुन्हा दाराकडे बघितलं नाही.

बॅग पहारेकऱ्याने मला आणून दिली. मी बसने परत आलो.

ती वाटेत पाणी प्यायली का ते कळव. एकादशी असली तरी प्यायला हवं होतं.

शेषगिरी


९ फेब्रुवारी १९९९

वादिराज,

तुझा फोन येत नाही. रविवारी मी जवळच बसतो.

तुझ्या आईचं पत्र आलं ते अंबुबाईला. तुला मुलगी झाल्याचं मला अंबुबाईकडून कळलं, तेही मी तिच्या दारात जाऊन उभा राहिलो तेव्हा. पत्र तिने माझ्या हातात दिलं नाही, वाचून दाखवलं, आणि कुठे कुठे गाळलंही. मी विचारलं, "माझ्याबद्दल काही?" ती म्हणाली, "नाही." मग मी बोलून गेलो, की एवढी भित्री बाई एकटी पोचली हे नवलच.

तेव्हा तिने पत्र घडी करून ठेवलं. "सुम्ने, गप्प बसा, अण्णा. ऐका. वेदाक्काला कसली भीती? तुमची भीती तिला लग्न झाल्यापासून ठाऊक होती. तुम्हाला भय आहे असं तोंडावर म्हटलं तर तुम्ही घर डोक्यावर घेता, म्हणून तिने स्वतःवर घेतलं. 'मला शिकवता शिकवता त्यांचंच भय जाईल,' म्हणाली. पाळण्यात बसायचं तिने काढलं ते तुमच्यासाठी. सगळ्या लोकांसमोर शिव्या खाल्ल्या, त्यासुद्धा तुमच्यासाठीच."

पाळण्यात मी ओरडलो होतो, वादिराज. चाकवाल्याला मी हाका मारल्या. माझी नखं तिच्या मनगटात रुतली होती आणि वण महिनाभर तिच्या हातावर होते. ती श्वास मोजत होती तो माझा होता. मी तिला जे जे म्हणून हसलो ते सगळं माझं होतं, आणि तिला ते माहीत होतं, आणि ती हसू देत होती. हे कळल्यापासून मला घरात बसवत नाही. तिचा मला आता राग येतो आणि तिच्याशिवाय जेवणही जात नाही.

मला भीती वाटते. लिहून बघितलं, अक्षर नेहमीसारखंच आलं.

आता हेही लिहितो, म्हणजे सगळं एकदाच होईल. सहा वर्षांपूर्वी तू लग्नाला यायची तिकिटं पाठवलीस तेव्हा मी ती हातात धरून एक दिवस बसून होतो. येत नाही असं लिहायचं तर कारण हवं. भीती वाटते असं मुलाला कसं लिहायचं? मग मुलीचा धर्म माझ्या उपयोगी पडला. तिच्या हातचं पाणी आम्हाला चालणार नाही, तिच्या पोटी येईल ते आमच्या कुळाचं नाही, असं मी लिहिलं. लिहिताना मला हलकं वाटलं होतं. वाचणाऱ्याला बापाची सोवळ्याची कडक शिस्त दिसेल आणि दुसरं काही दिसणार नाही, एवढाच माझा हेतू होता. तिच्या धर्माशी माझं कधीच काही भांडण नव्हतं. ती कुणी आपल्यातली असती तरी मी आलो नसतो, मग मी तिच्यात दुसरं काहीतरी शोधलं असतं.

माझा पासपोर्ट आईच्या पिशवीत आहे. पाठवलास तर मी पुन्हा एकदा प्रयत्न करीन. यावेळी सराव कुणाच्या नावाने करणार नाही.

अण्णा


२१ मार्च १९९९

वादिराज,

पासपोर्ट कुरियरने मिळाला. आत तुझी चिठ्ठी होती. तू काय लिहिलंस ते तुला माहीत आहे, तरी मी इथे उतरवतो, कारण ती मी इतक्यांदा वाचली आहे की आता लिहूनच तिच्यातून सुटावं असं वाटतं.

"अण्णा, विमानाचंच होतं हे तेव्हा लिहिलं असतंत तर आम्ही म्हैसूरला येऊन लग्न केलं असतं. तिची तयारी होती. तिला मराठी येत नाही, म्हणून तुमचं ते पत्र मी तिला कानडीतून सांगितलं, एकही ओळ न गाळता, कारण गाळू नकोस असं तिनेच सांगितलं होतं. त्यातलं काहीच खरं नव्हतं हे आता मी तिला सांगितलं. ती म्हणाली, मग तर त्यांनी ते आणखीच सहज लिहिलं. तुम्ही प्रयत्न करू नका. आई इथेच राहील, तिने स्वतः ठरवलं आहे."

म्हैसूरला येऊन. मी सहा वर्षांत हे एकदाही मनात आणलं नव्हतं. इथे मंगल कार्यालयं काय कमी आहेत. तुम्ही दोघं आला असतात, मी दाराशी उभा राहून पाहुण्यांना या या म्हटलं असतं, आणि मला विमानाची भीती वाटते हे या जन्मी कुणाला कळलं नसतं. एक ओळ लिहायची होती. मी दोन पानं लिहिली.

तू रागावलास त्याचं मला काही नाही, मी त्याच लायकीचा आहे. आई परत येणार नाही हे मला चिठ्ठीच्या आधीच कळलं होतं. तिच्या साड्या अंबुबाईने येऊन नेल्या, तिला तसं पत्र आलं होतं. मी कपाट उघडून दिलं.

पण मला तुला आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण यापुढे तुला खोटं लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे, आणि हे लिहिलं नाही तर ते खोटंच होईल. काल मी मठात गेलो होतो. डिसेंबरात घरी आलेले ते दोघे भेटले. त्यांनी विचारलं, "वेदवतीबाई मुलाकडे गेल्या, तुम्ही कसे नाही गेलात?" मी खरं सांगणार होतो. घरून निघतानाच तयारी केली होती, वाक्यसुद्धा ठरवलं होतं. त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणालो, "त्या ख्रिस्ती बाईच्या घरचं पाणी मी पिणार नाही. आमचं सोवळं आहे."

ते म्हणाले, "बरोबर केलंत, शेषगिरीराव." मी मान हलवली, तीर्थ घेतलं आणि घरी आलो.

शेषगिरी